आठ इंच माया

…अन् मला म्हणते, "काका, टेप असा धरायचा असतो." मला! अडतीस वर्षं झाली उस्मानपुऱ्यात दुकान टाकून, हा टेप गळ्यातून उतरला तर मान थंडी पडते मपली, लग्नाच्या फोटोत बी हाराखाली टेप दिसतो, खोटं वाटत असंल तर घरी या, दाखवतो… अन् ती दीपमाला सिस्टर, कालची पोरगी, मला सांगती, "काका, बेंबीवरून मोजायची कंबर. बेंबीवरून!" आता तुम्हीच सांगा, बेंबीवरून पँट कोण घालतं? कंबर म्हणजे जिथं पट्टा बसतो ती कंबर! अख्खा उस्मानपुरा बेंबीच्या खाली चार बोटं पँट घालतो, अन् दवाखान्याची कंबर तेवढी वरल्या मजल्यावर!

तर कंबर कोणाची? गोकुळची. मपला पोरगा. अठ्ठावीसचा हाय. वाळूजला कंपनीत होता, बजाजनगरला खोली करून राहायचा. तीन वर्षांखाली एक दिवस फोन आला, "नाना, मशीन माझं नाव घेऊ राहिलं." अन् तुम्हाला सांगतो, मी काय म्हणावं? मी म्हटलं, "चांगलंय की, तुझा साहेब तर तुझं नाव बी विसरतो!" हसलो हो मी. फोनवर खदाखदा हसलो. त्या हसण्याची मला आज बी लाज वाटते.

मग पोरगं घरी आलं, पुंडलिकनगरला. कानात कापूस. तिथं बी आवाज. चार माणसं बोलतात म्हणायचं, एकापेक्षा एक वंगाळ. माझं शिलाईचं मशीन सुरू झालं की त्यातून बी तेच बोलायचे. घरी एक मशीन ठेवलेलं होतं, त्याच्यावर चादर टाकली, आठ महिने काढली नाय. अन् जेवण? "माय, भाजीत काय घातलं तू?" त्याची माय, मालनबाई, त्याच्याच ताटातला पहिला घास खाऊन दाखवायची… तरी नाय. सत्तेचाळीस किलोवर आलं पोरगं. सदरा अंगावर नाय, खुंटीवर टांगल्यासारखा दिसायचा. दोन डॉक्टर झाले, दोन गोळ्या झाल्या, बुवा झाले, काय नाय झालं ते विचारा!

मग नीरजा मॅडम भेटल्या. मेंदूच्या, म्हणजे मनाच्या डॉक्टर. त्यांनी तिसरी गोळी दिली, अन् सहाव्या हप्त्यात… तुम्हाला सांगतो, सकाळची वेळ, मी चहा पिऊ राहिलो, अन् हा आला, चादर ओढली मशीनवरची, म्हणला, "नाना, चालवा. आता ते नुसतं मशीनच हाय."

मी बिनदोऱ्याचं मशीन चालवलं हो! दहा मिनिटं, नुसतं खडखड खडखड! मालनबाई दारात उभी राहून रडती, मी रडतो, अन् ते पोरगं आमच्याकडं असं बघतं की येडे आम्हीच हाय. आवाज गेले! आणखी काय पाहिजे माणसाला?

अन् मग लागली भूक.

भूक म्हणजे? सात भाकरी! सातवी खाऊन विचारायचं, "माय, भात हाय का?" त्या बाईचं तोंड बघायचं तुम्ही! दीड वर्ष जिच्या हातचं पोरगं विषारी समजलं, ती भात नाय म्हणंल? तूप वाढायची, अन् वरून मलाच डोळे दाखवायची, "नजर लावू नका!" पोरगं दुकानात आलं की शेजारचा चहावाला कडुबा ओरडायचा, "क्या मास्तर, पोरगं कुस्तीत उतरवता काय?" मी म्हणायचो, हसा. फुगलं तर फुगलं… पण आवाज गेले ना!

पहिलं काम काय केलं मी त्या मशीनवर? त्याच्या पँटा ढिल्या केल्या. आमच्या धंद्यात शिवताना आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, पुढं लागलं तर उसवून सोडता यावं म्हणून. त्याला आम्ही माया म्हणतो. गिऱ्हाइकाला दोन बोटं माया, अन् पोराच्या पँटीला मी चार बोटं ठेवली होती, बाप हाय ना! सहा महिन्यांत सगळी माया संपली. मग नाडीचे पायजमे. टेलरचा पोरगा नाडीच्या पायजम्यात… पण आवाज गेले ना!

आता मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं बरं का. "मास्तर, ही गोळी चांगली आहे, पण भूक वाढवते. वजन, कंबर, रक्तातली साखर, चरबी, सगळं मोजत राहायचं. फार वाढलं तर गोळीचा विचार करावा लागेल." बाकी सगळं मी विसरलो. 'गोळीचा विचार'! तेवढंच कानात राहिलं. वही दिली, रकाने आखून. म्हणल्या, "कंबर तुम्हीच मोजा, तुमच्यापेक्षा कोण चांगलं मोजणार?"

आता आमच्या घरात अक्कल वाटताना सगळ्यात कमी कोणाला मिळाली? मालनबाईला! लॅबवाल्यानं सांगितलं, "सकाळी उपाशी पोटी आणा." हिनं ऐकलं उपास. पहाटं उठून पोराला साबुदाण्याची खिचडी! वाटीभर दही! वर दोन रताळी, गुळात शिजवून! रिपोर्ट काय येणार? साखर एकशे अडुसष्ट! मॅडमनी फोन केला, मुलगा उपाशी होता का? तर ही फोन हिसकावून म्हणती, "उपाशीच होता हो मॅडम! शपथ घेते! सैंधव मीठ घातलं मी, साधं मीठ तोंडाला लागू नाय दिलं!"

मी तिला लई बोललो. लई म्हणजे लई. "तुझ्या खिचडीनं पोराची गोळी जाईल, मग बस आवाजांना खिचडी वाढत!" असं म्हणलो मी. ती चुलीकडं तोंड करून बसली. तुम्हाला सांगतो, ते बोलणं मी परत घेऊ शकलो असतो तर…

कारण मॅडम फोनवर म्हणल्या, "मास्तर, आता गोकुळला घेऊन या. वर्ष झालं, तुम्ही एकटेच येता."

व्हय. एकटाच जायचो. "पोराला कशाला त्रास, मी आणतो गोळ्या, ही घ्या वही." वहीत कंबर एकतीस, बत्तीस, बत्तीस, तेहतीस, तेहतीस. सगळं माझ्या सुंदर अक्षरात! वजनाच्या रकान्यात: काटा बंद. आठ महिने काटा बंद!

तर गेलो. मालनबाई बी आली. पोराला उभं केलं, त्या दीपमाला सिस्टरनं सदरा वर केला, बेंबीवरून टेप फिरवला, अन् म्हणली, "एक्केचाळीस."

मी म्हटलं, "ताई, तुमचा टेप ताणलेला हाय." तिनं माझ्या गळ्यातला काढला. माझाच! त्यानं बी एक्केचाळीस.

मॅडमनी वही बघितली, पोराकडं बघितलं. "मास्तर, हे आठ इंच कुठं गेले?"

मी म्हटलं, "माया हाय मॅडम. आत दुमडली."

कोणी हसलं नाय.

आता खरं सांगू? इथपर्यंत ऐकलंच हाय तर ऐका. बेंबी-बिंबी सगळं झूट. अडतीस वर्षं माणसांची पोटं मोजली मी, सुटलेलं पोट कुठून मोजायचं हे मला नाय कळत? दर महिन्याला टेप पोटाच्या वर न्यायचो, आकडा बघायचो, अन् टेप खाली सरकवायचो. पोटाखालून. बघा कसा बसतो तेहतीसवर! गोळी बदलली अन् ते चार जण परत आले तर? परत ते चादर टाकलेलं मशीन? मालनबाईनं चुकून खाऊ घातलं हो. मी जाणूनबुजून लिहिलं. अन् तिला बोलणारा मी!

मॅडम चिडल्या नाय, तेच वाईट. हळू म्हणल्या, "मलाही हीच गोळी ठेवायची आहे. सहाव्या महिन्यात खरं कळलं असतं तर तेव्हाच चालणं, खाणं, साखरेचं औषध सुरू केलं असतं. तुम्ही गोळी वाचवायला गेलात, आणि तिलाच धोक्यात आणलंत." मी टेपाच्या टोकाचा पत्रा कुरतडत बसलो.

परत रक्त दिलं. या बारीला मालनबाई बी त्याच्यासंगं कोरडी उपाशी, पाण्याचा घोट नाय, तिला कोणी सांगितलं नव्हतं तरी! साखर काठावर निघाली, चरबी पार वर. गोळी तीच, संगं साखरेची एक, दोन भाकरी, रोज चालणं, तीन महिन्यांनी परत रक्त. मी विचारलं, "अन् नाय उतरलं तर?" मॅडम म्हणल्या, "तर तेव्हा बोलू." तेव्हा बोलू! हे तीन महिने कसे काढले ते मपल्यालाच माहीत.

तेव्हापासून मी त्याच्या मागं. रोज सूतगिरणी चौकापर्यंत, तो पुढं, मी मागं धापा टाकत, "भरभर चाल!" ताटावर बसला की, "तिसरी नको!" आंघोळ करून निघाला की टेप घेऊन दारात, "श्वास सोड, पोट आत घेऊ नको!" मालनबाई चोरून तूप वाढायची, ते बी पकडलं. चाळीस. साडे एकोणचाळीस. खरे आकडे हो! बेंबीवरचे!

तीन महिने झाले, गेलो परवा. साखर थोडी उतरली. मॅडम पोराला नेहमीचं विचारतात, "काय गोकुळ, आवाज येतात का?"

तर हा म्हणतो, "येतो. एक."

तुम्हाला सांगतो… मालनबाईनं माझा हात इतका दाबला की बांगडी वाकली. संपलं, म्हटलं. गेली गोळी. टाका चादर.

मॅडम पुढं सरकल्या. "काय म्हणतो?"

"तिसरी भाकरी नको म्हणतो. भरभर चाल म्हणतो. पोट आत घेऊ नको म्हणतो. दिवसभर, मॅडम. संडासात गेलो तरी बाहेरून."

"कुणाचा आवाज आहे, ओळखता येतो का?"

पोरानं माझ्याकडं बोट केलं. अन् हसलं! तीन वर्षांनी पोरगं हसलं हो, खदाखदा, मी हसलो होतो ना फोनवर, अगदी तसं! सिस्टर हसती, मालनबाई डोळे पुसत हसती, मॅडमनी चष्मा काढला, म्हणल्या, "मास्तर, या आवाजावर आमच्याकडं गोळी नाही."

मी म्हटलं, "कधी निघाली तर द्या मॅडम, घेतो मी… फक्त आधी सांगा, तिच्यानं कंबर किती वाढती?"