दीडपट घाट

भाची : तीन बोगदे, चार पूल, एक दगडाची खाण, दोन फाटकं आणि माथ्यावर एक सिग्नलची केबिन. पडद्यावरच्या घाटात आलं सगळं?

मामा : फाटकं तीन. खाणीचे ट्रक जातात तिथलं राहिलं.

भाची : घातलं. झाडं मात्र लावत नाहीये हं. झाडांनी गाडीला काही फरक पडत नाही.

मामा : नको लावूस. जमीन तेवढी खरी हवी.

भाची : जमीन उपग्रहाच्या मोजमापांवरून घेतलीय. दर तीस मीटरला एक उंची. मधली मी भरली आणि रूळ जातात तिथे खाचखळगे घासून घेतले.

मामा : शास्त्रीणबाई, तुमच्या खेळात एवढं सगळं लागतं?

भाची : लागतं. एक पूल चार मीटर सरकला तरी लोक भांडायला येतात.

आई : चहा ठेवलाय इथे. काय रे, उद्या चौकशीला जायचंय तुला आणि इथे आगगाडी आगगाडी खेळत बसलायस?

मामा : खेळत नाहीये, ताई. मोजतोय.

आई : साहेबांना काय सांगणार, भाचीच्या कॉम्प्युटरवर पाहिलं म्हणून?

मामा : साहेबांना सांगायचं ते ठरलंय माझं. मालगाडीला ओझं जास्त जोडलं होतं. तेवढं ओझं घेऊन कुठलाही ड्रायव्हर हा घाट चढला नसता. फक्त हे तोंडातून काढायच्या आधी मला एकदा बघायचंय.

भाची : आणि साहेबांचं म्हणणं काय?

मामा : ओझं नियमात होतं, म्हणतात. मी वळणावर घाबरून इंजिनाच्या जोराचं हँडल खाली घेतलं, म्हणून गाडी थांबली, मागे घसरली आणि शेवटचे दोन डबे रुळांवरून उतरले.

भाची : घेतलं होतंस खाली?

मामा : घेतलं. वळणावर रुळांना वंगण असतं, चाकं जागच्या जागी फिरायला लागली. पण धरून ठेवलं असतं तरी ती वर गेली नसती.

आई : म्हणजे ज्यानं डबे जोडून दिले, तो यार्ड मास्तर अडकणार.

मामा : अडकला तर अडकला. डोळे उघडे ठेवून जोडायचे होते. मी का म्हणून त्याचं खापर डोक्यावर घ्यायचं?

भाची : डबे किती घालू?

मामा : बावीस. सगळे कोळशानं भरलेले. एकच इंजिन. रूळ कोरडे.

भाची : वळणापुरतं वंगणही घालते. हँडल पूर्ण वर, आठव्या खाचेवर. आणि शेवटपर्यंत तिथेच. सोडू?

मामा : सोड.

(पडद्यावरची गाडी निघते.)

मामा : बघ, बघ ताई. इंजिनातून घाट अस्साच दिसतो. अंगावर येतो नुसता. पोरी, हुबेहूब केलायस गं!

आई : बाई गं, केवढा चढ हा. आणि यातून रोज जातोस तू?

भाची : वळण आलं. वेग कमी होतोय.

मामा : होणारच.

भाची : बारा. सात. तीन. थांबली.

मामा : थांबली! हँडल आठवरच आहे ना?

भाची : आठवरच.

मामा : जिवात जीव आला. ताई, पाहिलंस? आठवर असून थांबली. आण तो चहा.

भाची : मामा, जरा थांब. चढ किती धरलाय ते बघते... तेहेतीसाला एक दाखवतोय.

मामा : छे. पन्नासाला एक. रुळाशेजारी पाटीच आहे. पन्नास मीटर पुढे, एक मीटर वर.

भाची : मग माझीच चूक आहे. उंची दीडपट झालीय.

मामा : दीडपट कशी होईल? तू तर उपग्रहावरून घेतलीस.

भाची : घेतली, आणि मग दीडनं गुणली. नकाशे करणारे आम्ही सगळेच गुणतो. खरी उंची ठेवली की डोंगर इस्त्री केल्यासारखे दिसतात आणि लोक म्हणतात, हा घाट खोटा आहे. हाताला इतकी सवय झालीय, तुझ्याही नकाशाला गुणून टाकलं.

मामा : पण मला तर तो तंतोतंत वाटला.

भाची : दीडपटच तंतोतंत वाटतो. सगळ्यांनाच.

आई : मग राहू दे की तसाच. वीस वर्षं घाटात गाडी चालवणारा माणूस सांगतोय ना, असाच आहे म्हणून!

भाची : मघाशी तूच खेळणं म्हणालीस.

आई : खेळणं आहे म्हणूनच म्हणतेय. खेळण्यापायी माझ्या भावाची झोप कशाला उडवतेस?

मामा : एक कर.

भाची : काय करू?

मामा : दीडच्या जागी एक कर.

भाची : नाही केलं तरी चालेल, मामा. आपण हे कुणाला दाखवणार नाही.

मामा : उद्या तो मास्तर माझ्या समोरच्या खुर्चीत असेल. त्याच्या तोंडावर बोलायचंय मला. कर.

भाची : केलं. आता पन्नासाला एक.

मामा : हा? हा आमचा घाट? हा तर सायकलवरून चढेल कुणीही.

भाची : आकडे बरोबर आहेत. तीनदा पाहिले.

मामा : सरक. या खेपेला हँडल मी धरतो. बटण कुठलं?

भाची : हे वर, हे खाली. वळणावर चाकं फिरतील.

मामा : फिरू देत.

आई : अरे, आवाज बघ कसला येतोय! मोडेल काहीतरी. घे की खाली!

मामा : नाही घेत.

भाची : रूळ पकडले परत. वळण संपलं.

मामा : आकडा वाच. मला इथून दिसत नाही.

भाची : चोवीस. एकवीस. एकोणीस.

मामा : उतरतोय.

भाची : अठरा. अठरा. अठरा.

मामा : माथ्यावरची केबिन गेली का मागे?

भाची : इंजिन गेलं. डबे जातायत. शेवटचा डबा माथ्यावर. ताशी अठरा किलोमीटर.