माइक तपासायला एक ओळ

(दुपारचा खेळ बघून दोघी बहिणी आणि थोरलीची पाच वर्षांची पिटू घरी आल्या आहेत. थोरली, म्हणजे ताई, स्वयंपाकघरात चहा टाकते आहे. चमचा खणकन ओट्यावर पडतो.)

धाकटी : आपटू नकोस गं ताई. सरळ सांग, पिक्चर पडला ना?

ताई : पडायला आधी उभा तरी राहायला हवा! पहिल्या पिक्चरमधली ती दिवेवाली आजी कुठून आली, कुणालाच ठाऊक नव्हतं. जादू त्यातच होती. आता तिचं तरुणपण उकरून काढलं. एक रुसका प्रियकर आणि अकरा गाणी. दार उघडलं की गाणं, शिंक आली की गाणं.

धाकटी : अकरांतलं एक मी गायलंय.

ताई : ऐकलं की. बहिरी नाही मी.

धाकटी : मग?

ताई : साखर किती घालू?

धाकटी : ताई! जन्मभर एकच चमचा घेते मी.

ताई : तुझं नाव येईपर्यंत बसवून ठेवलंस. झाडूवाले पायाशी आले तरी.

धाकटी : पहिल्या पिक्चरला तुझं नाव आलं, तेव्हा अख्खं घर उभं राहून टाळ्या वाजवत होतं. सहा वर्षांची होते मी, खुर्चीवर चढले होते.

ताई : आणि मी दहाची. रेकॉर्डिंगच्या दिवशी नाक चोंदलेलं, म्हणून गाताना दुसऱ्या ओळीत मधेच श्वास तुटला. तो तसाच राहिला. आज तूही नेमका तिथेच श्वास घेतलास. तुला कुठे सर्दी झाली होती?

धाकटी : मला ते गाणं तसंच येतं. तुझं ऐकूनच शिकले ना, श्वासासकट.

ताई : उचललंसही श्वासासकट.

धाकटी : उचललं? तेच गाणं पुन्हा गायला बोलावणं तुला आलं, कबूल. मी पिटूला सांभाळायला आले होते. तिला शू लागली, ती माझ्याबरोबर येईना, तू गेलीस. रेकॉर्डिंगवाले म्हणाले, तोवर माइक तपासायला तुम्ही एक ओळ म्हणा. नाही म्हणायचं होतं का?

ताई : एक ओळ! परत आले तर बाईसाहेब अख्खं कडवं गात होत्या. डोळे मिटून.

धाकटी : उघडले असते तर तू दिसली असतीस.

ताई : आता पुढच्या भागालाही तुलाच बोलावलंय ना?

धाकटी : तुला कुणी सांगितलं?

ताई : सकाळपासून तुझ्या तोंडावर लिहिलंय.

धाकटी : पिक्चरला हव्या तेवढ्या शिव्या घाल. मला फक्त एकदा म्हण, बरं गायलीस.

ताई : पिक्चर टुकारच होता. पण ते गाणं लागलं ना, तेव्हा... पिटू? दाराआड काय करतेस गं? ये इकडे.

पिटू : आई, त्या दिवशी मी शू थोडा वेळ धरून ठेवली असती, तर ते गाणं तुझं झालं असतं?