उदो म्हणायला माणूस हवा

...तर पत्रिकेवर मी तीन छापले. तीन! म्हणजे कार्यक्रम चारचा. आपल्या माणसांना चारला आणायचं तर तीनच छापावे लागतात, हे काय मला पहिल्यांदा कळलं का हो? दिवसभर ऑफिसात एक्स-रे मशिनी, नि सुट्टीत हा लोकसंगीत महोत्सव, तोही इथे जर्मनीत, एर्लांगेनमध्ये... चौथं वर्ष माझं! आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?

यंदा तर अण्णा आले होते. अण्णा म्हणजे माझे वडील. आमचं घराणंच गोंधळ्यांचं. उभा जन्म लोकांच्या लग्नघरी संबळ वाजवला, त्यावरच मी शिकलो. फ्रँकफर्टला विमानातून उतरल्या उतरल्या म्हणाले, "शेखर, छाती साथ देत नाही रे आता. तुझ्या मित्रमंडळींसमोर एकदा गोंधळ घालतो, नि संबळ खाली ठेवतो." गलबलून आलं हो मला. घरोघर फोन केले. सगळे म्हणाले, "अण्णांचा गोंधळ? येणार म्हणजे येणारच!"

आणि झालं काय? तीन वाजायच्या आत चर्चचा हॉल अर्धा भरला... जर्मनांनी! मांडीवर हात ठेवून, शाळेतल्यासारखे गप्प. आपलं माणूस? शोधून सापडेना. आमच्या मित्राला, श्रीरंगला, फोन लावला. "अरे, निघालोच!" आणि मागे शॉवरचा आवाज! दुसरीकडे फोन, तर तिथे कुकरच्या शिट्ट्या. "निघालोच!"

अण्णा आपले झगा घालून, गळ्यात कवड्यांची माळ घालून बसलेले. मी म्हटलं, "अण्णा, करूया सुरू?" तर म्हणाले, "एकेका देवाला गोंधळाला बोलवायचं, नि समोर उदो म्हणायला आपलं कोणी नको? थांब, येतील." आता त्यांना काय सांगू? माझं काय चुकलं, सांगा!

तेवढ्यात हॉलच्या फ्राऊ शुस्टर आल्या. "हेर पाचंगे, सहाला आमच्या कॉयरची प्रोबं, गाण्याची तालीम, आहे हं. सहा म्हणजे सहा. आणि ती मशाल... फॉयर नाही चालणार! ब्रांडशुट्झ!" म्हणजे आगीचे नियम. मग काय, दिवटीच्या जागी बॅटरीचा दिवा. अण्णांनी सवयीने त्यावर तेल ओतलं, दिवा गेला. हसू नका हो! त्या वेळी मीही हसलो, पण अण्णा तो विझलेला दिवा पदराने पुसावा तसा झग्याने पुसत बसले, ते बघवेना.

शेवटी पाच वाजले तेव्हा अण्णा उभे राहिले. तुळजापूरच्या आईला हाक घातली नि थांबले. उदो कोण म्हणणार? मी ओरडलो, बायको मालिनी ओरडली. आमची कौमुदी म्हणते, "पापा, श्टिल!" गप्प बसा म्हणे! माहूरची हाक, कोल्हापूरची हाक... दर हाकेला अण्णा दाराकडे बघायचे. जेजुरीपर्यंत माझा घसा बसला. आणि मग फ्राऊ शुस्टर उठल्या नि ओरडल्या, "ऊडो!" पाठोपाठ अख्खा हॉल, "ऊडो! ऊडो!" अण्णा रडत रडत वाजवत होते. आनंदाने म्हणाल, तर मला नाही तसं वाटलं.

सहाला आपली मंडळी आली. पातेली, डबे, पोरंबाळं, चाळीस माणसं! श्रीरंग म्हणतो, "झालं पण? बघ, या जर्मनांचं काही खरं नाही, जरा म्हणून थांबत नाहीत. बरं, पावभाजी कुठे ठेवू?" अण्णा माळ उतरवत होते. मला हळूच म्हणाले, "देव आले रे सगळे. आपलीच माणसं राहिली." जेवले मात्र नाहीत.

अण्णा गावी परतले नि महिन्याभरात गेले. इथे त्याच हॉलमध्ये शोकसभा ठेवली. मी आपला लवकर पोचलो खुर्च्या मांडायला, तर आधीच सगळे हजर, खुर्च्याही त्यांनीच मांडलेल्या! श्रीरंग पहिल्या रांगेत, पांढरा शर्ट, मांडीवर हात. बसायला जागा नाही, लोक भिंतीला टेकून उभे. इतकी गर्दी आमच्या महोत्सवाला कधी झाली नाही हो... गाणारा तेवढा नव्हता.