पोतंभर मक्याचं तेल

तुम्ही दुकानातलं तेल मुकाट्याने खाता ना? तेच बरं. मी एकदा शहाणपणा करून बसलोय.

नेरे गावात राहायला आल्यावर सासूबाईंपुढे बढाई मारली, "यंदा चकल्या घरच्या मक्याच्या तेलात!" आणि पोतंभर मका घेऊन शेजारच्या उरवडे गावातल्या तेलाच्या घाण्यावर गेलो. घाणेवाले तात्या हसत खालीच बसले.

"सायेब, ह्याचं पीठ व्हईल. तेल कोंबात असतंय, दाण्याच्या टोकाला. कोंब काडून आणा."

मी म्हटलं, आणतो! मका भिजवला आणि मी, बायको, सासूबाई आठवडाभर हेअरपिनने कोंब टोकरत बसलो. सासूबाई मधूनमधून विचारायच्या, "जावईबापू, तुम्ही इंजिनियरच ना?"

वाळवलेल्या कोंबांचा डबा ऐटीत तात्यांपुढे ठेवला. त्यांनी आत डोकावलं. "घाणा धा किलोच्या खाली फिरत न्हाई."

पण माझा चेहरा बघून त्यांनाच दया आली. चिमूटभर कोंब खलबत्त्यात कुटून त्यांनी चिमटीत दाबले. बोट चकाकलं. मी ओरडलोच, "निघालं! तेल निघालं!"

"व्हय की," म्हणत तात्यांनी ते बोट मिशीवरून फिरवलं. "संपलं बी."