नास्तिकाचा लेखी खुलासा

रविवार, सकाळी सव्वादहा. आमच्या विवेक मंडळाची सभा. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली. हजर सभासद चौदा, खुर्च्या चौदा, आणि तरी मी उभा! मोजण्यात चूक नाही हो. चौदावी खुर्ची संस्थापकांची. तिच्यावर बसायचं नाही. संस्थापक जाऊन अकरा वर्षं झाली. आत्माबित्मा काही नसतो, माणूस गेला की संपला, या विषयावर त्यांनीच तीन पुस्तकं लिहिली, आणि त्यांची खुर्ची मात्र दर रविवारी पुसून रिकामी ठेवायची! मी विचारलं, "अहो, ते येणार आहेत का?" तर सचिव म्हणतात, "प्रश्न येण्याचा नाही, आदराचा आहे." आता याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा!

बरं, तेही सोडा. मी उभा होतो कारण माझ्यावर आरोप होता. आणि आरोप काय? प्रार्थना केल्याचा. माझ्यावर! तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं बातमीदारी केली मी. एकतीस वर्षांत दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय एक ओळ छापायला दिली नाही, आणि देवाच्या बाबतीत तर एकाही ठिकाणाहून खात्री झाली नाही, म्हणून मी नास्तिक. संपलं. यात तत्त्वज्ञान नाही, धंद्याची सवय आहे. तो रडणारा पुतळा आठवतो? गावभर गर्दी, बायाबापड्या बाटल्या घेऊन रांगेत, आणि मी काय केलं? भिंतीच्या मागं जाऊन पाहिलं. पाण्याचा पाइप गळत होता! नळकारागिराला घेऊन गेलो, त्यानं पाना फिरवला, पुतळा गप्प. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर बातमी, तिसऱ्या दिवशी माझ्या स्कूटरची हवा काढलेली, आणि त्या रविवारी याच खोलीत, याच लोकांनी उभं राहून माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून मी विवेक मंडळाचा सभासद. बावीस वर्षं! लग्न केलं नाही, शेजाऱ्यांशी भांडण, वर्तमानपत्रातले जुने लोक एकेक करून गेले... मित्र म्हणाल तर हे तेराच. रविवारी सकाळी दहा वाजता कुणी माझी वाट बघतं, असं दुसरं ठिकाण नाही मला. आणि तेच लोक यादीतून माझं नाव कमी करायला निघालेत!

का? ऐका. आमची ताई. वय एकाहत्तर, निवृत्त मुख्याध्यापिका. आई लवकर गेली, मला हिनंच वाढवलं, म्हणून मी अठ्ठावन्न वर्षांचा झालो तरी तिच्यासाठी बारक्या. ताई कट्टर भाविक. रोज सकाळी सातला प्रार्थनेचं पुस्तक, चार पानं, मोठ्यानं, गेली पन्नास वर्षं. मी तिला म्हणायचो, "ताई, पन्नास वर्षांत एकदा तरी उत्तर आलं का?" ती म्हणायची, "तुझ्या संपादकाला तू पत्रं लिहितोस, त्यांचं येतं?"

तर त्या ताईला न्यूमोनिया झाला. आयसीयू, खाट क्रमांक चार. घशात नळी, बोलता येईना. हातात पाटी दिली होती, लहान मुलांची असते तशी. मी सकाळी गेलो तर तिनं लिहिलं, "रोज सात. तू वाच. मोठ्यानं." मी म्हटलं, "ताई, मी? अगं, तुझ्या प्रार्थना मंडळातल्या बायका आहेत की बाहेर!" तिनं पुसलं, लिहिलं, "त्या रडतात. तू नीट वाचतोस."

आता घशात नळी घातलेल्या सख्ख्या बहिणीशी वाद घालायचा का? मी सगळ्यांशी वाद घातलाय, मंत्र्यांशी घातलाय, पण हिच्याशी नाही जमलं. मी वाचलं. पण सवय जाते का? पहिलीच ओळ, "हे दयाळू, हे कृपाळू, हे करुणाकर." मनात आलं, एकाच अर्थाचे तीन शब्द, जागा फुकट, दोन कापले. "हे दयाळू" म्हटलं आणि पुढं गेलो. तशी खाटेच्या दांडीवर टक् टक् टक्! ताई पाटीचा कोपरा आपटतेय. लिहिलं, "पूर्ण!" खाली दोन रेघा. पुन्हा पहिल्यापासून. पुढं आलं, "आम्ही सारे अपराधी." मी म्हटलं, "ताई, आरोप निश्चित झालाय का?" पुन्हा टक् टक्! नर्सबाई पडद्याआडून डोकावल्या, "काका, मशीनचा आकडा वर जातोय, त्यांना चिडवू नका!" मग मुकाट्यानं चार पानं वाचली, बातमी वाचतात तशी. सात ते सात दहा, भेटीची वेळ तेवढीच.

बाहेर आलो तर प्रार्थना मंडळाच्या काकू बाकावरून उठल्या. "भाऊ, राग मानू नका हं, पण तुमच्या तोंडून ते वर पोहोचत नाही."

मी म्हटलं, "काकू, ताईपर्यंत पोहोचतंय. ती दोन फुटांवर आहे."

"तसं नाही. श्रद्धा नसलेल्यानं वाचलं तर उलटं लागतं."

"कुणाला लागलं? नाव-पत्ता द्या, मी आजच जाऊन भेटतो."

"घ्या! असं बोलता म्हणूनच! अहो, एकदाच म्हणा ना, मी मानतो. मनातल्या मनात म्हटलंत तरी चालेल."

"काकू, मनातल्या मनात मी खोटं बोलत नाही, माझं खोटं माणसांशी बोलायलाच पुरत नाही!"

मग काकूंनी तोड काढली. मी आत वाचायचो, आणि त्या दाराबाहेर उभ्या राहून माझी प्रत्येक ओळ पुन्हा पुटपुटायच्या. का? तर माझं कच्चं, त्यांचं पक्कं! म्हणजे मी मजूर, त्या मुकादम. आता याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा!

असे सात दिवस. आणि आठव्या दिवशी, त्याच मजल्यावर एक्स-रे काढणारा एक गृहस्थ आहे, आमच्याच मंडळाचा सभासद, तो मशीन ढकलत पाच नंबरच्या खाटेपाशी आला आणि पडद्याआडून त्यानं माझा आवाज ऐकला. आता भल्या माणसा, मला विचार ना! चहाला थांबव, म्हण, काय हो, हे काय? नाही. त्यानं थेट रविवारच्या सभेत, "ऐन वेळचे विषय" मध्ये!

आणि मग ती चौकशी. अध्यक्ष आमचे रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. परीक्षानळीकडे बघावं तसं माझ्याकडे बघून म्हणाले, "डोळे मिटलेले होते का?"

"सर, पुस्तकातून वाचत होतो. मिटून कसं वाचणार?"

"हात?"

"एकात पुस्तक, दुसऱ्यात चष्मा. काडी तुटलीय, धरून ठेवावा लागतो."

"लिहून घ्या, हात जोडलेले नव्हते."

तेवढ्यात वकीलबाई उठल्या. आमच्याच सभासद, पण उठल्या की न्यायालयच. "हात राहू द्या. साक्षीदार म्हणतात आवाजात भाव होता."

भाव! माझ्या आवाजात! संपादक मला एकतीस वर्षं म्हणत होता, तू मृत्यूची बातमीसुद्धा बाजारभावासारखी वाचतोस! मी एक्स-रेवाल्याकडे पाहिलं. तो चुळबुळला. "म्हणजे... तसं नाही... शेवटच्या पानाला जरा... घसा..."

"सर्दी होती!" मी ओरडलो. "तिथं एसी किती ठेवतात माहीत आहे का तुम्हाला?"

मग मतदान! कशावर? "सदर सभासद नास्तिक आहे किंवा कसे." हात वर करून! मी म्हटलं, "अहो, मला विचारा ना, मी इथंच उभा आहे!" वकीलबाई म्हणाल्या, "तुम्ही हितसंबंधी. तुम्हाला मत नाही." सहा जण म्हणाले आहे, सहा जण म्हणाले नाही, आणि एक्स-रेवाला तटस्थ! आग लावून तटस्थ! जगात देव आहे की नाही हे बहुमतानं ठरत नाही असं आम्ही लोकांना बावीस वर्षं सांगतोय, आणि माझ्या डोक्यात तो आहे की नाही यावर सहा विरुद्ध सहा! आता याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा!

मी म्हटलं, "ऐका. मी देवाला काही म्हटलेलं नाही. आजारी बहिणीला तिच्या आवडीचं पुस्तक वाचून दाखवलं. उद्या तिनं स्वयंपाकाचं पुस्तक मागितलं असतं तर तेही वाचलं असतं. यात प्रार्थना कुठं आली?"

सगळ्यांचे चेहरे सैल पडले. अध्यक्षांनी मान हलवली. मला वाटलं, सुटलो.

वकीलबाईंनी चष्मा लावला. "नियम एकोणीस. 'ऐकत असल्याचा पुरावा नाही, अशा कोणास उद्देशून केलेले बोलणे म्हणजे प्रार्थना.' आठव्या दिवशी आपली भगिनी शुद्धीवर होती का?"

नव्हती. आता लपवून काय करू. सातव्या संध्याकाळी प्रकृती ढासळली, डॉक्टरांनी गुंगीचं औषध वाढवलं. आठव्या सकाळी मी गेलो तर पाटी उशाशी पडलेली, पुसलेली. नर्सबाई हळूच म्हणाल्या, "काका, आज त्यांना काही ऐकू जाणार नाही. तुम्ही घरी जा, झोपा जरा." काकूही त्या दिवशी नव्हत्या, त्यांचा गुडघा धरला होता. म्हणजे पक्कं करायलाही कुणी नाही. मी परत फिरायला हवं होतं की नाही? शहाणा माणूस फिरला असता. मी खुर्ची ओढली, बसलो, चष्मा धरला, आणि चारही पानं वाचली. मोठ्यानं. का? अहो, तेच तर!

आणि हा नियम एकोणीस, ही अचूक, कापायला एक शब्द सापडणार नाही अशी व्याख्या कुणी लिहिली असेल? मी! बारा वर्षांपूर्वी सगळे म्हणाले, तुम्ही बातमीदार, तुमची भाषा नेमकी, तुम्हीच लिहा. घ्या, लिहिली नेमकी! माझ्याच वाक्यात मी असा बसलो, की पाय हलवायला जागा नाही.

अध्यक्ष म्हणाले, "पंधरा दिवसांत लेखी खुलासा द्या. अन्यथा नाव कमी होईल." आणि सचिवांनी एक छापील फॉर्म दिला. तीन रकाने. एक, दिनांक व वेळ. दोन, ठिकाण. तीन, बोलणे कोणास उद्देशून केले.

ताई वाचली हं. ते सांगायचं राहिलंच. अकराव्या दिवशी नळी काढली, विसाव्या दिवशी घरी. काकू म्हणतात, आमच्या पुटपुटण्यानं. अध्यक्ष म्हणतात, प्रतिजैविकांनी. डॉक्टर म्हणतात, प्रकृती मुळात चिवट होती.

पण माझा तिसरा रकाना? मी कामाला लागलो. धंदाच तो माझा. आधी डॉक्टरांना गाठलं. "साहेब, त्या औषधात माणसाला थोडंफार ऐकू येतं का?" म्हणाले, "त्या डोसमध्ये? नाही. शक्य नाही." नर्सबाईंना विचारलं, त्या तेव्हा सहा नंबरपाशी सलाइन बदलत होत्या, त्यांना वाटलं मी फोनवर बोलतोय. एक्स-रेवाल्याला विचारलं, "तू ऐकलंस ना? मग तुझ्यासाठीच वाचलं असं लिहू का?" तो दोन पावलं मागं सरकला. "नको हो, मला यात गुंतवू नका!"

शेवटी ताईला विचारलं. खिडकीशी बसली होती, शाल गुंडाळून. "ताई, आठव्या दिवशी मी वाचलेलं तुला ऐकू आलं?"

"नाही रे बारक्या. मला काहीच आठवत नाही. एकदम तुझी दाढी वाढलेली दिसली, तेवढंच."

"थोडंसुद्धा नाही? एखादा शब्द? नीट आठव."

"नाही म्हटलं ना. मग कशाला वाचलंस?"

"तेच विचारतायत सगळे!"

"मग सांग की."

"मला माहीत असतं तर तुला विचारलं असतं का?"

ती हसली. नुसती हसली हो! आता तिनं तरी म्हणावं की नाही, तू देवाला वाचलंस? मी तिच्याशी कडाकडा भांडलो असतो, मोकळा झालो असतो. पण नाही. शाल सावरली आणि म्हणाली, "दार लोटून जा, वारा येतोय."

काल मुदत संपली. सकाळी फॉर्म नेऊन दिला. सचिवांनी वर-खाली पाहिलं. "तिसरा रकाना कोरा आहे. हे अपूर्ण आहे."

"हो. अपूर्ण आहे."

"'स्वतःस' लिहा ना. सोपं आहे, बसतंय."

"पण तसं नव्हतं."

"मग 'देवास' लिहा आणि मोकळे व्हा!"

"तसंही नव्हतं."

"मग कसं होतं?"

तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणी प्रश्न विचारला आणि मी गप्प! त्यांनी उसासा टाकला, "मिळाला" असा शिक्का मारला, आणि फॉर्म पुढच्या रविवारसाठी ठेवून दिला. तर मंडळी, नक्की आहे ते एवढंच. आठव्या दिवशी, सकाळी सात ते सात दहा, चार नंबरच्या खाटेपाशी चार पानं मोठ्यानं वाचली गेली. कुणाला, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.