दहा लिटरचा डबा, दहा किलो फळ

माझ्या सुनेला या कार्यक्रमाचं बोलावणं नव्हतं. हे आधी सांगून घेते, नमस्कार मग. इतकी वर्षं ती इथे जॅमच्या कढईपाशी भाजून निघाली, आणि सासूच्या निरोपाला तिचीच अडचण झाली? शोभतं का हे?

असो. आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे आपल्या कारखान्याचे व्यवस्थापक साहेब, कारखान्याचे चिटणीस, व्यासपीठावरचे पाहुणे, फळं चिरणाऱ्या माझ्या बायका, गोदामातली मंडळी, आणि मागे चहाच्या किटलीवर डोळा ठेवून बसलेले सगळे, तुम्हाला माझा नमस्कार. मी चार बुकंही धड शिकलेली नाही, तेव्हा भाषण वाकडंतिकडं होणार.

माझ्याविषयी फार गोड बोललात. साहेब तर म्हणाले, आजींचा अंदाज म्हणजे काटाच. बरं वाटलं ऐकून, खोटं कशाला बोलू? पण ज्या अंदाजासाठी मला हा गुच्छ, त्याच अंदाजाच्या नावाखाली माझ्या सुनेला घरी बसवलंत, हे कुणाला आठवलं नाही?

नव्या मंडळींसाठी सांगते. पूर्वी आमचं माप डब्याचं. डबाभर चिरलेली स्ट्रॉबेरी, तर अर्धा डबा साखर. मग वजनकाटा आला. चांगलं झालं, काट्याशी माझं वैर नाही. साहेबांनी डब्यात पाणी ओतलं, दहा लिटर मावलं. पाण्याचा लिटर म्हणजे किलो. म्हणून भिंतीवर तक्ता लागला, डबाभर फळ म्हणजे दहा किलो, अर्धा डबा साखर म्हणजे पाच किलो. आता फळ म्हणजे पाणी आहे का हो? फोडीफोडींत पोकळी राहते. डबाभर फोडी साडेसहा किलोच्या आसपास भरतात. साखर बारीक, ती दाटून बसते, अर्ध्या डब्यात सव्वाचार किलो तरी मावते. त्या तक्त्यापायी फळ दीडपट झालं आणि साखर जेमतेम वाढली. साखर कमी पडली की जॅम आंबतो, हे इथल्या भिंतींनाही ठाऊक आहे.

मी घरी सुनेला म्हटलं, "अगं, कढईत फळ फार दिसतंय."

ती म्हणाली, "आई, काट्यावर बरोबर दहा आहे."

दहाच होतं. शिकलेली बाई, कागदाला जागली.

पुढे बाटल्यांची झाकणं फुगली, फेस आला, दुकानांतून माल परत आला. चौकशी झाली आणि ठरलं काय, तर हिने अंदाजाने माप टाकलं. जिने चिमूटभरही अंदाजाने टाकलं नाही, तिच्यावर हा ठपका. नंतर भिंतीवरचा तक्ता गुपचूप बदलला, प्रत्येक फळाचं वजन वेगळं लिहिलं. सून मात्र परत आली नाही.

आता तिला कुठे काम मिळत नाही. तिच्याआधी तिचा ठपका जाऊन पोचलेला असतो. पण त्याचंही मी एवढं मनावर घेतलं नसतं. भाजीत मीठ टाकताना तिचा हात थांबतो. चमचा धरून उभी राहते आणि म्हणते, "आई, तुम्ही घाला. माझ्याने चुकेल." लेकराच्या दुधातली साखरसुद्धा मीच घालते. मी रागावून पाहिलं, समजावून पाहिलं, चार दिवस मुद्दाम माहेरी पाठवून पाहिलं. वाटलं होतं, सावरेल. नाही सावरत. मी म्हातारी आणखी किती दिवस मीठ घालणार? आणि तुम्ही आज मला भेट काय दिलीत, तर स्वयंपाकघरातला वजनकाटा. तो घरी कोणत्या तोंडाने नेऊ?

तुम्ही वेळ काढून आलात, चहापाणी केलंत, आभारी आहे. माझी जीभ तिखट आहे. कुणाला झोंबलं असेल तर म्हातारी म्हणून पोटात घाला.

आता चूक कुणाची होती, ते या सभेत मोठ्याने सांगा. चिटणीसांनी उठायचं नाही. पाहुण्यांनी सावरून घ्यायचं नाही. साहेब, हा माईक घ्या. उत्तर तुम्ही द्यायचं.