सुमनमावशीचं लोणचं

विठ्ठल विठ्ठल! विठ्ठल विठ्ठल!

टाळ जरा खाली ठेवा मंडळी. मृदंगवाले, तुम्हीही बोटं मोडून घ्या. आता थोडा वेळ नुसतं ऐकायचं काम आहे.

एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई करू नका. माणसानं जे स्वतः कधी केलं नाही, ते त्यानं दुसऱ्याला शिकवावं का?

"नाही!" कोण म्हणालं? पुढच्या रांगेतल्या काकू. काकू, मग निम्म्या गावाला गप्प बसावं लागेल! पोहता न येणारा विहिरीच्या काठावरून ओरडतो, "अरे, हात मार, हात!" ज्याचं लग्न झालं नाही तो पारावर बसून सांगतो, बायकोशी कसं वागावं. आणि बुवा? बुवा इथं उभं राहून सांगतात, देव कसा भेटतो!

काय म्हणालात आजी? मोठ्यानं बोला, मागच्यांनाही ऐकू द्या.

"बुवा, तुम्हाला भेटला का?"

वा! सरळ मर्मावरच बोट! आजी, ह्याचं उत्तर देतो, पण शेवटी. मी विसरलो तर तुम्ही विसरू नका. आधी एका पोराची गोष्ट ऐका.

खैरवंड गाव तुम्हाला ठाऊक आहे. ओढा ओलांडला की डाव्या हाताला. तिथं लोहोकऱ्यांचा श्रीनिवास राहतो. गाव त्याला शिनू म्हणतं. पोरगा पदवीधर. शहरात नोकरी लागली होती, पण वडील अंथरुणाला खिळले. त्यांना उचलून बसवायचं, कूस बदलायची, हे आईला एकटीला झेपेना. आला परत. आता गावात राहून पोट कसं भरायचं? तर पोरानं मोबाइलवर काम शोधलं. लिहिण्याचं काम!

शहरात एक कंपनी होती. ती एक ब्लॉग चालवायची. ब्लॉग म्हणजे काय, म्हणता? शाळेच्या दारात फळा असतो की नाही, रोज कुणीतरी काहीतरी लिहितं? तसाच फळा. फक्त हा जगभर दिसतो, आणि पुसला तरी कुणीतरी उतरवून घेतलेला असतो!

त्या फळ्यावर घरगुती गोष्टी यायच्या. डाग कसा काढावा, पापड कसा लाटावा, डाळीत किडे होऊ नयेत म्हणून काय करावं. लिहायचा कोण? आमचा शिनू! कंपनीच्या मॅडम फोनवर म्हणाल्या, "लेख छान आहेत तुमचे. पण नाव बाईचं हवं. पुरुषाचं लोणचं कोण वाचणार?"

झालं! शिनूची झाली सुमनमावशी! कंपनीनं चित्रसुद्धा काढून घेतलं. चष्मा, ठसठशीत कुंकू, हातात पळी. आणि मॅडमची एक अट, मावशी कोण हे कुठंही बोलायचं नाही.

हसू नका मंडळी. हसायला सोपं आहे. खैरवंडात रेंज मिळते फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी. भर उन्हात हा पोरगा डोक्यावर छत्री बांधून तिथं बसायचा. खालून जाणारे टोमणे मारायचे.

"काय रे शिनू, कावळे राखतोस का?"

"नाही काका, काम करतोय."

"बसून?"

काय सांगणार? घाम दिसला नाही की आपल्याला काम दिसत नाही! पण त्याच कामावर वडिलांचं औषध येत होतं, चूल पेटत होती. मी त्याला हलकं काम म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नका.

पण... हा 'पण' ऐका. शिनूनं जन्मात चहा सोडून काही केलेलं नव्हतं! मग लिहायचा कसं? दहा ठिकाणचं वाचायचं, वाक्यं इकडची तिकडं करायची आणि शेवटी टाकायचं, 'माझ्या पन्नास वर्षांच्या अनुभवातून सांगते गं पोरींनो!' पोरगा स्वतः अजून तिशीचाही नाही!

एकदा मॅडमचा निरोप आला. "कैरीचा हंगाम आहे. लोणच्यावर द्या. कमी मीठ, कमी तेल असं काहीतरी. लोक तेच शोधतात."

शिनूनं दहा ठिकाणची लोणची वाचली. मीठ सगळीकडे भरपूर. तेल कैरी बुडेल एवढं. मग? त्यानं काय केलं असेल? निम्मं केलं! स्वतःच्या मनानं! मीठ निम्मं, तेल निम्मं. लिहायला काय जातं? खाली ओळ टाकली, 'वर्षभर टिकतं. मी दरवर्षी करते.' आणि लेख असा चालला म्हणता! गावोगावच्या बायका वाचायला लागल्या.

आता खैरवंडची एक रीत सांगतो. तिथं श्रावणात सप्ताह असतो. काल्याच्या पंगतीला एकेका आळीनं एकेक पदार्थ आणायचा. वरच्या आळीची भाजी, पेठेतली डाळ, आणि खालच्या आळीचं लोणचं. हा मान कुणाला मागून मिळत नाही. सासूनं सुनेला द्यायचा. खालच्या आळीत तो मान होता गोदाक्कांकडं. गोदाक्का कोण? शिनूची आई!

त्या वर्षी कैऱ्या फोडायला आळीतल्या बायका अंगणात जमल्या. शेजारची पमा मोबाइल घेऊन आली.

"अक्का, ह्यावेळी हे करून बघू. सुमनमावशीचं. निम्मं मीठ. आपल्या आळीत किती जणांना बीपी आहे! दरवर्षी बिचारे पानातली फोड चाटून बाजूला ठेवतात."

गोदाक्का म्हणाल्या, "अगं, निम्म्या मिठात टिकेल का?"

"वर्षभर टिकतं म्हणते. दरवर्षी करते म्हणते. तोंडावरनंच बघा की, किती मायाळू आहे!"

गोदाक्कांनी चित्र बघितलं. जिन्याकडं तोंड करून हाक मारली. "शिनू! खाली ये रे जरा!"

शिनू आला. आईच्या हातातल्या फोनवर बघतो तर... चष्मा, कुंकू, पळी! कैऱ्यांच्या ढिगापेक्षा पोरगा हिरवा पडला!

आई म्हणाली, "तू शिकलेला आहेस. ह्यातलं तुला कळतं. ही बाई खरी का रे?"

मंडळी, इथं थांबा. अंगणात बायका. पुढ्यात विळ्या. सगळ्या त्याच्याकडं बघतायत. काय बोलावं त्यानं? 'आई, ती बाई मी आहे' म्हणावं? त्या हशात घर बुडालं असतं! आणि मॅडमची अट होती. काम गेलं तर वडिलांचं औषध गेलं. तुम्ही असता तर काय बोलला असता? खरं सांगा, मनातल्या मनात सांगा.

शिनू म्हणाला, "असेल. एवढे लोक वाचतात."

असेल! एवढंच बोलला आणि वर गेला. तो विचार करत होता, लोणचंच तर आहे. आईचा हात आहे. निभेल.

बरण्या भरल्या. तोंडावर फडक्याचे दादरे बांधले. पाऊस लागला. शिनू येता जाता कोनाड्यातल्या बरण्यांकडं बघायचा. एकदा म्हणालासुद्धा, "आई, थोडं मीठ वाढवायचं का?" आई म्हणाली, "उघडलेल्या बरणीला श्रावणाची हवा लागू नये बाळा. आणि ती मावशी करते ना दरवर्षी." काय बोलणार! ज्या मावशीचं तोंड त्यानंच उघडलं होतं, ती मावशी आता त्याचं तोंड बंद करत होती!

काल्याचा दिवस आला. पानं मांडली. वरची आळी भाजी घेऊन आली, पेठ डाळ घेऊन आली. गोदाक्का पदर खोचून बरण्या घेऊन देवळाच्या ओवरीत आल्या. पहिला दादरा सोडला.

आणि हात तिथंच राहिला.

पांढरी बुरशी! बोटभर! दुसरी बरणी, तीच गत. तिसरी. वास साऱ्या ओवरीत.

पंगत बसली. वाढपी डाळ घेऊन गेला, भाजी घेऊन गेला. पानाच्या डाव्या बाजूला लोणच्याची जागा रिकामी. खैरवंडच्या काल्याला हे कधी झालं नव्हतं. जेवता जेवता माणसं डाव्या हाताला बघत होती. ते बघणं वाईट!

पंगत उठल्यावर देवळातच बैठक बसली. सप्ताहाचे कारभारी बाजीतात्या. माणूस तसा सरळ, पण बोलायला तिखट.

"गोदाक्का, तुमच्या सासूच्या हातचं लोणचं आम्ही खाल्लंय. तुमचंही खाल्लंय. आज देवाच्या पानाला काय हे?"

गोदाक्का उभ्या राहिल्या. पमा बोलायला निघाली होती, "तात्या, ते मीच..." तिला त्यांनी हातानं बसवलं. म्हणाल्या, "चूक माझी. मी फोनवरचं वाचून केलं. मान माझ्याकडं, म्हणजे चूकही माझी."

"मग पुढच्या वर्षीपासून लोणचं वरच्या आळीनं करावं. तुम्हाला मंजूर?"

गोदाक्का खाली बघून म्हणाल्या, "मंजूर."

शिनू खांबाला टेकून उभा होता. सासूनं आईला दिलेला मान. घरात दागिना नाही, शेत नाही, हीच काय ती एक गोष्ट होती तिची! ती चालली. आणि कुणामुळं चालली हे त्या साऱ्या देवळात फक्त दोघांना ठाऊक. एक शिनू. आणि दुसरा विटेवर उभा, तो काही बोलणार नाही!

"तात्या, थांबा."

"काय रे?"

"ती सुमनमावशी... ती मी आहे."

"कोण आहेस?"

"सुमनमावशी. मीच लिहितो ते. लोणचंही मीच लिहिलं."

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळं देऊळ हसलं! "मावशी, नऊवारी कुठंय?" "मावशी, कावळे काय म्हणतात?" बाजीतात्यांच्याही मिशीत हसू. आणि पोरगा उभा, मान खाली, कान लाल.

हसली नाही एक बाई. गोदाक्का.

"तू कधी लोणचं घातलंस?"

"नाही."

"मग मीठ निम्मं कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मीच केलं."

बाजीतात्यांच्या मिशीतलं हसू गेलं.

"शिनू," ती म्हणाली, "मिठाचं चुकलं तर चुकलं. माझंही चुकलंय पूर्वी, बरणीच्या बरणी ओढ्यात ओतलीय मी. पण मी तुला अंगणात विचारलं होतं. सगळ्यांसमोर विचारलं होतं. तू 'असेल' म्हणालास. तुला तर माहीत होतं, ती खरी नाही ते!"

आणि बरण्या उचलून ती घरी गेली. पोराशी बोलली नाही. जेवायला वाढायची, बोलायची नाही. मंडळी, आईनं मारलं तर परवडतं!

बाजीतात्यांनी एवढं केलं की निकाल राखून ठेवला. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाले.

शिनू गच्चीवर गेला. त्यानं फळ्यावर लिहिलं. 'मी सुमनमावशी नाही. मी श्रीनिवास लोहोकरे. हे लोणचं मी कधी घातलं नव्हतं. ते नासतं. कुणी घातलं असेल तर खाऊ नका.' मॅडमचा फोन आला. त्या काही राक्षसीण नव्हत्या, त्यांनाही वर कुणीतरी विचारणारं होतं. "श्रीनिवास, वाईट वाटतं, पण आता हे काम तुम्हाला देता येणार नाही." लोणच्याचा लेख कंपनीनं काढून टाकला. सुमनमावशी मात्र तिथंच राहिली, दुसरंच कुणी तिच्या तोंडून बोलायला लागलं!

पोरानं मग मिळेल ते केलं. कुणाची भाषांतरं, कुणाचे अर्ज, एका दुकानाच्या जाहिराती. छत्री तीच, ऊन तेच. आणि स्वतःच्या नावाचा एक फळा सुरू केला. पहिला लेख काय? 'आमचं लोणचं कसं नासलं'! वाचणारे थोडे. पण जे वाचायचे ते उत्तर लिहायचे. आमचंही नासलं. आमचं तेल कमी पडलं. आमच्या कैऱ्या ओल्या होत्या. शिनूला जे विचारतील ते तो आधी करून बघायचा. जमलं तर जमलं लिहायचा, फसलं तर फसलं. हळूहळू लोकांना तेच आवडायला लागलं. त्यावर कामं यायला लागली. भरपूर? नाही. घर चालतंय.

आणि आई? पुढच्या वर्षी कैऱ्या आल्या. गोदाक्का अंगणात बसल्या. शिनू गुपचूप समोर येऊन बसला, विळी पुढं ओढली. आई बघत राहिली. मग म्हणाली, "कोय तशी नाही कापत. बोट जाईल." इतक्या महिन्यांनंतरचं पहिलं बोलणं!

तो म्हणाला, "मीठ किती?"

ती म्हणाली, "तू घाल. मी बघते."

मंडळी, हसलात तुम्ही शिनूला. आता माझ्याकडं बघा. सकाळी उठून फोनवर काय काय पुढं ढकललंत आज? हा पाला खा, साखर जाते. हा धागा बांधा, गुडघा राहतो. स्वतः खाल्लात पाला? बांधलात धागा? आणि घरातल्या म्हातारीनं विचारलं, "खरं का रे हे?" तर काय म्हणालात? असेल! ती म्हातारी लेखावर विश्वास ठेवत नाही हो. तुमच्यावर ठेवते! नाही माहीत तर 'नाही माहीत' म्हणा. कमीपणा येतो थोडा. येऊ द्या.

आजी, तुम्ही विसरला नाहीत ना? तुम्ही विचारलंत, बुवा, तुम्हाला देव भेटला का.

नाही आजी. मला नाही भेटला. मी वाट बघतोय, तुमच्यासारखाच, म्हणून उभा राहून हाका मारतो. एवढं मात्र मी स्वतः केलंय, ते सांगू शकतो.

चला, पानं मांडा. आज तुमच्या गावानं लोणचं खैरवंडहून मागवलंय. खालच्या आळीचं, मान तिथंच राहिलाय! तो बघा, चुलीशेजारी बरणी घेऊन उभा आहे, चष्मा नाही, कुंकू नाही! "बुवा, ही गोष्ट माझं नाव घेऊन सांगा," असं तोच म्हणाला. पानावर फोड पडली की विचारा त्याला, कसं झालंय रे? तो 'असेल' म्हणणार नाही.

विठ्ठल विठ्ठल!